बॉक्सरच्या घरचा वजनकाटा

मी वजनकाटा बोलतोय. काचेला तडा गेलाय, तेव्हा बोलणं जरा टोचलं तर मनावर घेऊ नका.

दवाखान्याने मला एका निवृत्त बॉक्सरच्या घरी पाठवलं. त्याचं हृदय थकलं होतं. अशा माणसाच्या अंगात पाणी साठू लागलं की बहुधा वजन चढतं. म्हणून रोज सकाळी त्याने माझ्यावर उभं राहायचं आणि मी आकडा थेट दवाखान्यातल्या सिस्टरकडे धाडायचा. आकडा चढला की औषध बदलायचं, नाहीतर भरती.

पहिल्याच दिवशी त्याने मला लाथ घातली. काट्याशी त्याचं जुनं वैर! ऐन उमेदीत एका लढतीआधी वजन जरासं जास्त भरलं आणि गडी एकही ठोसा न मारता बाद झाला होता. आता भरतीचं नाव काढलं तरी त्याच्या मुठी वळायच्या. मग त्याने जुनाच डाव काढला: उपाशी राहायचं. बायकोची पाठ वळली की ताटातलं खिडकीबाहेर. अंगावरचं मांस झडत गेलं, तेवढंच पाणी भरत गेलं, आणि माझा आकडा जागचा हलेना.

"वजन अगदी छान आहे हं, काका!" सिस्टर फोनवर म्हणायची. मी खरं सांगत होतो आणि माणूस आतल्या आत बुडत होता. माझा जीव तीळ तीळ तुटायचा.

एका सकाळी त्याचे पाय बुटात जाईनात.

"पाय सुजलेत तुमचे. सिस्टरला सांगते," बायको म्हणाली.

"फोन ठेव! बूट आटलेत!"

तिने ठेवला नाही. त्याने मला उचललं आणि भिरकावलं. भिंतीवर आपटलो असतो तर चाललं असतं. मी तिच्या कपाळावर बसलो. काच तडकली, तिचं रक्त तड्यात उतरलं. तो तिच्याकडे धावला आणि दोन पावलांतच धापा टाकत कोसळला. रक्त पुसायच्या आधी तिने फोन उचलला.

"सिस्टर, तो आकडा सोडा! माणूस चाललाय माझा, गाडी पाठवा!"

वाचला. आता ती समोर बसून त्याला जेवायला लावते. रोज सकाळी त्याच्या नडगीवर अंगठा दाबते आणि खळगा पडला, म्हणजे पाणी साठलं, तर तेही कळवते. माझ्या तड्यातला डाग मात्र निघत नाही.

लोकहो, राग आला तर मला खुशाल लाथ घाला, पण उचलू नका. फेकल्यावर मला स्वतःला आवरता येत नाही.

आज तो माझ्यावर उभा राहिला आणि तिच्या कपाळावरच्या टाक्यांकडे बघत राहिला.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "आकडा खाली आहे."