डाव्या हाताचं वळण

पारोळ्याहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका खेड्यात, १९८७ साली, तोताराम आबांचं एकत्र घर नांदत होतं. आबांचा थोरला मुलगा गिरधर पारोळ्याला एका कापसाच्या पेढीवर कारकून होता. धाकटा भाईदास शेती पाहायचा. गिरधरचा हेमराज आणि भाईदासची नलू ही दोन्ही मुलं त्या जूनमध्ये एकाच दिवशी पहिलीत बसली. हेमराज नलूपेक्षा दहा महिन्यांनी मोठा होता, पण ते कुणी लक्षात घेत नव्हतं.

पाऊस उघडला होता. कुंदाबाई, म्हणजे नलूची आई, चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. तिची जाऊ लताबाई मिरच्या भाजत होती. गिरधर कामावरून आला, हातपाय धुऊन ओट्यावर बसला आणि त्याने रोजच्यासारखी हाक मारली, "पाट्या आणा रे."

दोन पाट्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. हेमराजची अक्षरं एका उंचीची, एका ओळीत. नलूची मोठाली, मध्येच वर चढलेली. तिचा 'क' उलटा होता आणि तीनचा आकडा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"हेमराजनं अक्षर दखा," सासूबाई इंदिराबाई म्हणाल्या. "मोतीना दाना जसा! आन् हाई काय? कोंबडी चाली गई का पाटीवर?"

सगळे हसले. नलूही हसली. तिला ती कोंबडी आवडली होती.

गिरधर मात्र हसला नाही. त्याने पाटीवरून नजर उचलून नलूच्या हाताकडे पाहिलं. पेन्सिल अजून तिच्या बोटांत होती. डाव्या हाताच्या.

"भाईदास," तो म्हणाला, "ही डावखुरी आहे. आत्ताच वळण लावलं नाहीस तर पुढे जड जाईल. अक्षर म्हणजे घराची शोभा असते."

इंदिराबाईंनी कपाळाला हात लावला. "पोरनी जात शे. सकाय सासरे जाई, ताटले डावा हात लावी, तं लोके आम्हले काय म्हनतीन? तो हात बांधी दे व कुंदा."

कुणी रागावलं नव्हतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाबाईने जुन्या लुगड्याची एक चिंधी फाडली, नलूची वेणी घातली आणि तिचा डावा हात मागे कंबरेशी बांधला. वेणीला फीत बांधावी तसाच.

"माय, दुखस," नलू म्हणाली.

"दुखी थोडंसं. मंग सवय व्हई जाई."

सवय झाली. पहिल्या आठवड्यात नलू रडली. मग हात झटकू लागली. पोळा आला तोवर ती स्वतःच पाठमोरी उभी राहायची आणि डावा हात मागे आणून धरायची. कुंदाबाई गाठ मारायची. दोघींना त्यात बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

उजव्या हातातली पेन्सिल तिचं ऐकत नव्हती. रेघ थरथरायची. 'अ' काढायला घेतला की निम्म्यावर मोडायचा. डाव्या हाताने निदान शब्द तरी पुरा व्हायचा. आता तोही होईना. शाळेत रुपचंद गुरुजींनी वर्गातल्या भिंतीवर दोन दोऱ्या बांधल्या होत्या. एकीच्या वर खडूने लिहिलं होतं, 'सुंदर अक्षर'. दुसरीच्या वर, 'कोंबडीचे पाय'. दर शनिवारी मुलांची पानं त्यांवर लटकवली जात. गुरुजी मारकुटे नव्हते. आवाजसुद्धा चढवत नसत. मुलांना ईर्षा लागावी एवढाच त्यांचा हेतू होता. शनिवारी पोरं पोचवायला आलेले आईबाप आधी पहिल्या दोरीकडे बघत, मग दुसरीकडे, आणि आपलं पान सापडलं की घरी जात. काही जण ताठ मानेने, काही जण मुकाट्याने.

हुंडा वाईट असं आता सभेत तरी म्हटलं जातं. लहानपणी लग्न लावणं वाईट, हेही लोक मान्य करतात. पण पाटीशेजारी पाटी ठेवण्याला वाईट म्हणणारं त्या गावात कुणी नव्हतं. ती तर काळजी होती. शेतात एकाच दिवशी पेरलेला कापूसही एकाच दिवशी फुटत नाही, हे भाईदासला माहीत होतं. पोरीच्या बाबतीत ते त्याच्या मनात आलं नाही.

दिवाळीनंतर नलू बोलताना अडखळू लागली. 'पाणी' म्हणायला 'प' वर थांबायची आणि डोळे मिटून घ्यायची. अंथरूण ओलं व्हायला लागलं. इंदिराबाईंनी दृष्ट काढली, मारुतीला नारळ फोडला. हळूहळू नलूने बोलणंच कमी केलं. मग अडखळणं फारसं कळेनासं झालं आणि घरातल्यांना वाटलं, गुण आला.

हिवाळ्यात एका रविवारी लताबाईचा भाऊ जीवराम धुळ्याहून सहकुटुंब पाहुणा आला. भरीत-पुरीचं जेवण झालं. पानसुपारी झाल्यावर गिरधरने दोन्ही मुलांना ओट्यावर बसवलं.

"मामांना आपलं नाव लिहून दाखवा."

हेमराजने लिहिलं. जीवरामने मान डोलावली. नलूने उजव्या हाताने 'न' काढायला घेतला. पाहुण्यांसमोर हात बांधलेला बरा दिसत नाही म्हणून कुंदाबाईने त्या दिवशी चिंधी सोडली होती. 'न' मोडला. नलूने तो पुसला, पुन्हा काढला, पुन्हा मोडला. मग कुणी काही म्हणायच्या आत पेन्सिल डाव्या हातात गेली आणि तिने पुरं नाव लिहिलं. नलिनी भाईदास पाटील. त्यातले दोन्ही 'ल' उलटे होते. बाकी सगळं बरोबर होतं.

जीवराम मोकळेपणाने हसला. "भाईदास, तुन्ही पोर तं उलटी गंगा शे रे भो!"

भाईदासही हसला. पाहुण्यांना एसटीपर्यंत पोचवायला गेला, तेव्हाही त्याच्या तोंडावर ते हसू होतं.

घरी परत आला तेव्हा ते नव्हतं. गिरधरने पेढीवरून आणलेला लाकडी रूळ कोनाड्यात असायचा, वहीवर रेघा मारायचा, गोल आणि जड. भाईदासने तो उचलला आणि नलूला बोलावलं. "बठ्ठा पाव्हनास्ना समोर मन्ही लाज काढस? हात दे. तो डावा."

नलूने हात पुढे केला. मागे धरायची सवय होती, तसाच पुढे धरला. भाईदासने तो ओट्याच्या दगडावर ठेवला आणि रूळ मारला. आणि परत मारला.

कुंदाबाई दाराशी सुपात दादर ज्वारी निवडत होती. तिने आवाज ऐकला. तिचे हात थांबले नाहीत. खडा दिसला, तिने तो बाजूला टाकला. दुसरा दिसला, तोही टाकला. नलू रडली नाही, म्हणून तिला वाटलं, फार लागलं नसेल.

संध्याकाळपर्यंत बोटं वांग्यासारखी सुजली. शेजारच्या गावातल्या हाड बसवणाऱ्याने कामट्या लावून ती आवळून बांधली. सूज उतरायला बरेच दिवस गेले. कामट्या काढल्या तेव्हा दोन बोटं वाकडी राहिली होती आणि मिटत नव्हती.

मग धुळ्याला नेलं. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला, तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"चुकीचं जुळलंय. माराने सांध्यात मोडलं होतं. आता मूठ पुरती वळणार नाही." मग त्यांनी विचारलं, "पोरगी कुठल्या हाताने लिहिते?"

आत आल्यापासून भाईदासने टोपी काढून हातात धरली होती.

"ह्याच," कुंदाबाई म्हणाली.

"मग मारलं कशासाठी?"

"अक्षर चांगलं नव्हतं, साहेब," भाईदास म्हणाला.

डॉक्टरांनी फोटो टेबलावर ठेवला. "सहा वर्षांच्या पोरीचं अक्षर चांगलं कसं असेल? अहो, मनगटाची हाडंसुद्धा अजून पुरी भरलेली नसतात. ह्या वयाची पोरं अक्षर उलटं काढतातच. कुणाचं सातव्या वर्षी सुधारतं, कुणाचं नवव्या. एकाच्या तोंडातला दात आधी पडला म्हणून दुसऱ्याचा उपटता का तुम्ही?"

परतीच्या एसटीत तिघं एका बाकावर बसली. नलू खिडकीशी होती. कुंदाबाईला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. रस्त्याकडेची शेतं दिसली, गेली. घरी पोचल्यावर तिने भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

त्यानंतर घरात त्याविषयी कुणी बोललं नाही. रूळ कोनाड्यातून नाहीसा झाला. कुणी टाकला, कुणी विचारलं नाही. भाईदास शेतातून उशिरा येऊ लागला आणि आला की नलूला हाक न मारताच जेवून घेऊ लागला. नलू दुसरीत गेली; तिथेही रुपचंद गुरुजीच होते. पेन्सिल डाव्या हातात धरवत नव्हती आणि उजवा हात अजूनही तिचा झाला नव्हता. शनिवारी तिचं पान ठरल्या दोरीवर लटकायचं.

हेमराजच्या पाटीशेजारी ठेवायला आता दुसरी पाटी उरली नव्हती. गिरधरने तीही शोधली. पेढीवरच्या मुनीमजींचा मुलगा तालुक्याच्या सुंदर हस्ताक्षर स्पर्धेत पहिला आला. हेमराजचं नाव कुठेच नव्हतं. गिरधरने त्या संध्याकाळी घरी आल्यावर चहाही घेतला नाही. मुलाची वही उघडून त्याने ओळीमागून ओळ पाहिली.

"हा काना बघ. हा तिरपा का? त्या पोराचं अक्षर छापल्यासारखं आहे. आणि तू? कशाला पोसतोय मी तुला?"

हेमराज घाबरून लिहू लागला. घाबरल्यावर काना आणखी तिरपा गेला. गिरधरने कोपऱ्यातली छत्री उचलली.

लताबाई चुलीपाशी उभी राहिली, पण पाऊल पुढे टाकलं नाही. आबा जपमाळ ओढत राहिले. भाईदास उंबऱ्यावर बसून जमिनीकडे पाहत होता. हेमराजने आपला हात वहीवर पालथा ठेवला होता आणि डोळे मिटून घेतले होते.

कुंदाबाई उठली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती जेठांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, डोक्यावरचा पदर सरकू देत नसे. त्यांच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर सासूच्या किंवा पोरांच्या तोंडून सांगायची. ती सरळ ओट्यावर आली आणि हेमराजच्या हातावर तिने आपला हात ठेवला.

"भाऊ, छत्री खाले ठेवा."

गिरधरला आधी कळेनाच कोण बोललं. मग तो आईकडे वळून म्हणाला, "हिला आत जायला सांगा."

"कुंदा, येडी व्हयनी का?" इंदिराबाई ओरडल्या. "जेठना समोर तोंड उघाडस?"

कुंदाबाई हलली नाही. ती ओरडलीही नाही. "मारनं व्हई तं मन्हा हातवर मारा," ती म्हणाली. "मन्ह्या पोरना टायमले मी दादर निवडत बसनू. आते नही बसाव."

छत्री गिरधरच्या हातात तशीच राहिली. उंबऱ्यावरून भाईदासचा आवाज आला, इतका हळू की पहिल्यांदा कुणाला ऐकू आला नाही.

"दादा, ती बराबर बोली ऱ्हायनी."

गिरधरने छत्री भिंतीला टेकवली आणि बाहेर निघून गेला.

चुलीपाशी लताबाईने कुंदाबाईचा दंड धरला. "तू मन्हा पोऱ्याले वाचाडं, कुंदा. आन् तुन्ही पोरना टायमले मी गप राहिनू."

"मी बी गपच राहिनू, अक्का. मी तं माय शे तिन्ही."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दोघी जावा नलूला घेऊन शाळेत गेल्या. रुपचंद गुरुजी पानं लटकवत होते. बायका वर्गात आलेल्या पाहून ते गोंधळले, खुर्ची पुढे केली. दोघीही बसल्या नाहीत. कुंदाबाईने नलूचा डावा हात टेबलावर ठेवला आणि त्या हाताचं काय झालं ते सांगितलं. जसं झालं तसं. स्वतःची चिंधीही सांगितली.

गुरुजींनी चष्मा काढला. "बाई, मी तिला कधी बोटसुद्धा लावलं नाही. कुठल्याच मुलाला नाही."

"नही मारं तुम्ही," कुंदाबाई म्हणाली. "तुम्ही फक्त टांगं. मारं आम्ही."

गुरुजी भिंतीकडे गेले आणि 'कोंबडीचे पाय' या दोरीवरची पानं एकेक करून उतरवू लागले. सगळी उतरवून झाली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं. बायका तिथेच होत्या.

"ती बी काढा," कुंदाबाईने दुसऱ्या दोरीकडे बोट केलं.

"अहो, ती तर चांगली आहेत."

"म्हनूनच काढा, गुरुजी. ती टांगेल राहतीन तठलोंग बाकीना पोरे मार खातीन."

गुरुजी उतरवलेली पानं नीट रचू लागले. तेव्हा लताबाई पुढे झाली. पहिल्या दोरीच्या मधोमध हेमराजचं पान होतं. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण मुलाचं पान ती वर्षभर दर शनिवारी पाहत आली होती. तिने ते काढलं, घडी घातली आणि कमरेला खोचलं. मग गुरुजींनी बाकीची काढली.

भिंतीवर दोन रिकाम्या दोऱ्या राहिल्या. नलू पहिल्या बाकावर बसून त्यांच्याकडे पाहत होती. तिला काय वाटलं ते तिच्या चेहऱ्यावरून कुणालाच कळलं नाही.