फुंकणारी

“आता ही बघ,” म्हणत कारागिराने लेथवरून नुकतीच उतरवलेली पितळी वाटी फडक्याने पुसून मुलीपुढे धरली. ट्रम्पेटच्या टोकाला बसवून ओठांशी लावायची ती वाटी त्याने एका बाजूने मुद्दाम तिरकी कातली होती. मुलीने ती बसवली, ओठ टेकवले, फुंकलं. डाव्या कोपऱ्यातून हवा फुस्सकन निसटली. अशा वाट्यांनी खोकं भरत आलं होतं.

त्याचे आजोबा फुटक्या भांड्यांना डाख द्यायचे. बापाने बँडवाल्यांची मोडकी वाद्यं दुरुस्त करता करता नवी घडवायला घेतली. याच्या हाती तर पितळ लोण्यासारखं वळे. नळीत वितळलेली राळ भरून तो ती अशी वाकवी, की एक सुरकुती दिसू नये. पण पोरवयातच पुढचे पक्के दात पडल्यामुळे स्वतःच्या वाद्यातून त्याला कधी धड सूर काढता आला नाही. ती कसर मुलीने भरून काढली. शाळेत होती तेव्हापासून प्रत्येक वाद्य ती फुंकून बघायची, आणि तिने मान हलवल्याशिवाय माल उंबरा ओलांडत नसे. ‘हत्ती बापाचा, सोंड लेकीची,’ अशी बाजारात थट्टा चाले. दोघांनाही ती आवडायची.

मग एका सकाळी चूळ भरताना तिच्या तोंडातून पाणी भलतीकडेच ओघळलं. अर्धा चेहरा लुळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, नस सुजलीय, बहुतेकांचं आपोआप बरं होतं, धीर धरा. त्याने धीर धरला. ऋतू पालटला. तिचा उघडाच राहणारा डोळा मिटू लागला, ओठ मात्र हलेना. वाकडं झालेलं तापवून, ठोकून सरळ करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला नुसतं बसून राहणं जमेना. त्याने वाट्या कातायला घेतल्या.

“बाबा, वाटीत काही दोष नाही,” ती आज म्हणाली. शब्द एका बाजूने घसरत होते. “आता पुरे करा.”

तो काही बोलणार, तोच बँडमास्तर आपलं ट्रम्पेट न्यायला आला. घाई होती. त्याने उभ्याउभ्याच ते वाजवून पाहिलं आणि खूश होऊन मान डोलावली. मुलगी काहीतरी बोलली. मास्तरला कळलं नाही; त्याने बापाकडे पाहिलं. बापाने सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने बोटाने ओठाचा कोपरा वर दाबून धरला आणि सावकाश म्हणाली, “वरचा सूर उतरतोय. एक दिवस ठेवा.”

मास्तर ओशाळून हसला. उद्याच वाजवायचंय, असं त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं. “रस्त्याच्या गोंगाटात कोण ऐकतंय, ताई.”

कारागीर मुलीकडे बघत राहिला. तिने नाही म्हटलं असतं, तर त्याने वाद्य ठेवून घेतलं असतं. पण ती केव्हाच फळीवरून वाद्य गुंडाळायचं कापड काढायला वळली होती. तिने ते पसरलं, त्याने वाद्य गुंडाळून गाठ मारली. गाठ सैल पडली. तिने ती सोडली आणि पुन्हा घट्ट मारली.