लांब नावाचं अपडेट

माझे थोरले दीर फार हुशार आहेत, असं आमच्या घरात रोज कुणीतरी म्हणतं. बहुतेक वेळा ते स्वतःच म्हणतात.

इलेक्ट्रॉनिक कुलपं बनवणाऱ्या एका कंपनीत ते मुख्य इंजिनिअर. मी तिथेच टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेलं मोडून बघायचं, हे माझं काम. ऑफिसात त्यांना तोंडावर ‘सर’ म्हणतात आणि पाठीमागे ‘आचार्य’. मी घरी म्हणते तसं ऑफिसातही भावजीच म्हणते, आणि त्यांना ते अजिबात आवडत नाही.

आमच्या कुलपात एक छोटा प्रोग्राम असतो. कंपनीकडून नवं अपडेट आलंय का पाहायचं आणि आलं असेल तर उतरवून घ्यायचं, एवढंच त्याचं काम. तो भावजींनी कंपनी निघाली तेव्हा लिहिलेला. त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. एकदा मी तो मुळापासून वाचला आणि कपाळाला हात लावला. अपडेटच्या फाइलचं नाव ठेवायला त्यांनी मेमरीत चौसष्ट अक्षरांची जागा राखली होती, पण येणारं नाव तेवढ्यात मावतंय का, हे तपासायची तसदीच घेतली नव्हती. नाव लांब आलं की उरलेली अक्षरं शेजारच्या जागेत घुसायची. आणि शेजारी काय होतं? प्रोग्रामने यापुढे कुठे जायचं, तो पत्ता. म्हणजे कुणी नीट बेतून लांब नाव पाठवलं, तर कुलूप त्याच्या हुकमाचं ताबेदार.

मी नमुन्याचं एक कुलूप भावजींच्या टेबलावर ठेवलं आणि लॅपटॉपवरून त्याला तसं नाव पाठवलं. खट्कन उघडलं.

भावजींनी चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही. “आपल्या प्रत्येक अपडेटवर कंपनीची डिजिटल सही असते. सही नसेल तर कुलूप फाइल घेतच नाही. एवढं तरी ठाऊक असावं.”

“सही नंतर तपासली जाते, भावजी. नाव आधी वाचलं जातं.”

“असले उद्योग करायला जगात वेळ कुणाला आहे? तुझ्यासारखे रिकामे सोडून?”

शेजारचे दोघे हसले. पगारवाढ जवळ आली होती. माझ्या तक्रारीवर भावजींनी ‘केवळ पुस्तकी शक्यता’ असा शेरा मारला आणि ती बंद केली. त्या दिवशी घरी जेवताना त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, “तुझ्या बायकोला दुधातही काटे दिसतात.” नवरा ताटात बघत राहिला. थोरल्या भावासमोर त्याच्या तोंडून ब्र निघत नाही. तो स्वभावाने शांत आहे असं लोक म्हणतात. लोकांना काय जातंय.

आमचं घर दुमजली. खाली भावजी आणि सासूबाई, वर आम्ही दोघं. खालच्या प्रत्येक दाराला भावजींनी कंपनीची कुलपं बसवून घेतली होती, अगदी सासूबाईंच्या खोलीलाही. जुन्या कड्या काढून टाकल्या. दारावर कडी दिसली की पाहुण्यांवर छाप पडत नाही म्हणे.

मग कंपनीला दहा वर्षं झाली. त्यानिमित्त निघालेल्या अपडेटमध्ये नवीन असं काहीच नव्हतं; दार उघडताना वाजणारी धून तेवढी बदलली होती. भावजींनी फाइलला नाव मात्र असं दिलं, की त्यात कंपनीचं पूर्ण नाव आलं, दशकपूर्ती आली, ‘विशेष आवृत्ती’ आलं आणि शेवटी पदवीसकट ते स्वतः आले. सगळं मिळून चौसष्टच्या कितीतरी पुढे. त्यांनी ते मला दाखवलंसुद्धा नाही. कशाला दाखवतील? माझी तक्रार बंद होती.

रविवारी सकाळी अपडेट सुटलं. कुलपांनी नाव वाचायला घेतलं, कोलमडली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा तेच नाव वाचायला घेतलं, पुन्हा कोलमडली. दारं जिथल्या तिथे घट्ट.

मी खाली धावले तेव्हा सासूबाई आत होत्या आणि भावजी बाहेर, कानाला फोन. आमचीच कुलपं बसवलेल्या कुठल्याशा दवाखान्यातून कुणीतरी ओरडत होतं; ते मलाही ऐकू येत होतं.

“आई, घाबरू नका,” मी म्हणाले.

“मी घाबरलेली नाही,” आतून आवाज आला. “माझी रक्तदाबाची गोळी स्वयंपाकघरात आहे. तो काय करतोय?”

“फोनवर आहेत.”

“त्याला म्हणावं, दार इकडे आहे.”

मी कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावलं. त्याने ड्रिल लावायला घेतलं तेव्हा भावजी पहिल्यांदा फोन सोडून पुढे आले. “थांबा! असं केलंत तर वॉरंटी जाईल!”

सुताराने माझ्याकडे पाहिलं. “करा तुम्ही,” मी म्हणाले.

सोमवारी मालकांनी आम्हाला केबिनमध्ये घेतलं. लोक घराबाहेर अडकले होते, काही घरात. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, यात आमचं कर्तृत्व काहीच नव्हतं. भावजी मात्र ताजेतवाने. रात्रीतून दुरुस्ती केली होती, म्हणे.

“काय केलंत?” मालकांनी विचारलं.

“चौसष्टच्या जागी पाचशे बारा. आता इतकं लांब नाव कोण ठेवणार?”

मला हसू आवरलं नाही. माझं ते हसणं शिष्टाचाराला धरून नव्हतं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी नमुन्याच्या कुलपात त्यांचा नवा प्रोग्राम घातला आणि त्याला सहाशे अक्षरांचं, नीट बेतलेलं नाव पाठवलं. मालकांसमोर कुलूप खट्कन उघडलं.

“कालचं नाव ज्यांनी ठेवलं, तेच ठेवतील,” मी म्हणाले. “लांबी मोजायची आणि सही आधी तपासायची. बाकी सगळा नाकाने कांदे सोलण्याचा प्रकार आहे.”

मालकांना त्यातलं किती समजलं कोण जाणे. पण कुलूप उघडलेलं त्यांना दिसलं. दुरुस्ती माझ्याकडे आली. ग्राहकांना खरं सांगू नये, उगाच बोभाटा होईल, असं त्यांचं मत पडलं. मी म्हणाले, जुन्या कुलपांतून कुणीही आत शिरू शकतं हे लोकांना कळवल्याशिवाय तपासणीवर माझी सही मिळणार नाही. दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. मग पत्र गेलं. धोका काय आणि काय करायचं, हे त्यात होतं. चूक मात्र ‘अपवादात्मक तांत्रिक परिस्थितीची’ होती. ती परिस्थिती माझ्या शेजारी बसून बिस्किटं खात होती.

भावजींची बढती झाली. आता ते सल्लागार आहेत. प्रोग्राम लिहीत नाहीत, कॉलेजांत जाऊन सुरक्षिततेवर बोलतात. मुलं टिपून घेतात.

“दादाने फार मनाला लावून घेतलंय,” नवरा जेवताना मला म्हणाला.

“मग उत्तमच झालं. काढू नकोस म्हणावं.”

त्याने पुन्हा ताटात बघितलं.

त्याच आठवड्यात सासूबाई आपली उशी, चष्मा आणि रेडिओ घेऊन जिना चढून आल्या. एका पायरीवर दम खायला थांबल्या, म्हणून मी रेडिओ घ्यायला गेले.

“उशी घे,” त्या म्हणाल्या. “आणि खालून हाक आली, तर मी झोपलेय म्हणून सांग.”