त्याने पाणी मागितलं होतं

"पाणी त्याने मागितलंच नाही, साहेब," नायक म्हणाला आणि समोरच्या भिंतीवर नजर रोवून पुन्हा ताठ उभा राहिला.

चौकशीच्या खोलीत कोपऱ्यात बसलेल्या सरांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. या लष्करी शाळेत ते नीतिशास्त्र शिकवत. पोरं पाठीमागे त्यांना 'नीतिसर' म्हणत. तुकडीचा हा नायक त्यांचा लाडका विद्यार्थी. पहिल्या वर्षी पेपरात चुकून जास्त पडलेले गुण त्याने स्वतः येऊन कमी करून घेतले होते.

परवा भर दुपारी, बूट चमकले नाहीत म्हणून त्याने एका नव्या कॅडेटच्या पाठीवर बोजा देऊन त्याला मैदानाभोवती पळवलं. पोरगा मध्येच थांबला, हात जोडून पाणी मागू लागला. सरांनी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं, ऐकलंही. जिना उतरून ते धापा टाकत पोचले, तोवर तो कोसळला होता. दवाखान्यात पोचण्याआधीच गेला.

हे सगळं सरांनी साक्षीत सांगितलं. चौकशी समितीच्या अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, अख्खी तुकडी एक सांगतेय आणि तुम्ही एकटे दुसरंच. एवढ्या लांबून, उन्हात... होतं असं."

बाहेर व्हरांड्यात सरांनी नायकाला गाठलं.

"का रे बाबा? खोटं बोलून वाचवलेली अब्रू ही अब्रूच नव्हे, असं वर्गात तूच म्हणाला होतास ना?"

"हो सर. पैकीच्या पैकी मिळाले होते." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "स्वतःलाच वाचवायचं असतं तर कधीच खरं सांगून मोकळा झालो असतो. पण शिक्षा द्यायला कवायतीच्या उस्तादांनी सांगितलं होतं. मी बोललो तर ते जातील, तुकडी फुटेल. आपल्या माणसाला उघडं पाडायचं नाही, हे इथे रोज अंगात भिनवतात. तुमचा तास आठवड्यातून एकदा असतो, सर."

"आणि तो पोरगा? तो आपला नव्हता?"

"व्हायचा होता अजून," नायक म्हणाला.

संध्याकाळी त्या पोराचे वडील सामान न्यायला आले. नायकाने ट्रंक स्वतः उचलून गाडीत ठेवली.

"तू त्याच्याच तुकडीतला ना, बाळा?" वडिलांनी विचारलं. "शेवटी त्याला फार त्रास झाला का रे? काही मागत होता का?"

"नाही काका. पळता पळता पडला. कळलंसुद्धा नसेल त्याला."

सर दोन पावलं पुढे आले. वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होताना त्यांना दिसला, आणि ओठांवर आलेले शब्द त्यांनी गिळले.

वडिलांनी नायकाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. गाडीवाल्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला. त्यांना तो हात सोडवेना. नायक ताठ उभा होता, गाडीच्या टपावरून पलीकडे कुठेतरी बघत.