मागची सीट

मला आमच्या घराची किळस येते. तोंड वाकडं करू नका, आधी ऐका.

आमचे बाबा दरवर्षी चारशे किलोमीटर सायकल चालवतात. तीन दिवस, गावोगाव थांबत, मुलांच्या हाडांच्या दवाखान्यासाठी देणग्या गोळा करत. एकतीस वर्षं झाली. काम मोठं आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती त्यांच्या नियमाबद्दल. चढावर पाय टेकायचा नाही. दादा आणि मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायचो तेव्हा ओकारी आली तरी पाय टेकायचा नाही, नाक फुटलं तरी टेकायचा नाही. दादाने पंचविशीतच हात वर केले आणि सायकल सोडून सोबतच्या गाडीत बसून फोटो काढायला लागला. मी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं.

चार वर्षांपूर्वी बाबा बहात्तरचे झाले आणि त्यांना दम पुरेना. मान्य कोण करणार? मग दादाने जोडसायकल आणली. पुढे आजोबा, मागे नात. "तीन पिढ्यांची सेवा," असं फडक्यावर छापून घेतलं. तिसरी पिढी म्हणजे दादाची मुलगी. तिला घरात सगळे मुंगी म्हणतात. तेव्हा ती पंधराची होती.

आता जोडसायकलीचं एक असतं. दोघांची पायडलं एकाच साखळीने बांधलेली असतात. मागच्याने जोर लावला की पुढच्याचे पाय आपोआप फिरतात. फिरणाऱ्याला वाटतं, आपणच चालवतोय.

दोन वर्षांपूर्वी ती सायकल माझ्याकडे दुरुस्तीला आली आणि मी पायडलं खोलली. मागच्या पायडलांच्या बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्यांचा पार भुगा झालेला. पुढच्यांच्या गोळ्या अशा चकचकीत, जणू आजच डबीतून काढल्यात. मी दादाला दुकानात बोलावून दाखवलं.

"अगं, माहितीये मला," तो म्हणाला. "तू कशाला उगाच उकरून काढतेस? म्हातारा माणूस आहे, खूश आहे ना?"

आणि मी काय केलं? नव्या गोळ्या घातल्या, ग्रीस भरलं आणि मूग गिळून गप्प बसले. त्यामुळे किळस येते म्हणते त्यात मीही आले, उगाच सोवळेपणा नको.

बाबा मात्र प्रत्येक थांब्यावर माइक हातात घ्यायचे. "लोक विचारतात, या वयात कसं जमतं? अहो, ओढतो मी. नात आपली मागे बसून हवा खाते!" लोक टाळ्या पिटायचे. मुंगीही हसायची.

यंदा ती एकोणीसची. दीड महिन्यावर तिची अग्निशमन दलाची चाचणी आहे. धावायचं, शिडी चढायची, ओझं घेऊन जिने चढायचे. दोन वर्षं ती पहाटे उठून त्याचीच तयारी करतेय. डाव्या गुडघ्याची कुरबुर गेल्या वर्षीपासूनच होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, या गुडघ्यावर आणखी ताण आला तर ऑपरेशन. दादाने ते ऐकलं आणि "एवढी एक फेरी होऊ दे" म्हणून तिला मागच्या सीटवर बसवलं.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या चढाच्या पायथ्याशी आम्ही चहाला थांबलो. अकरा किलोमीटर राहिले होते. मुंगी सायकलवरून उतरली ती लंगडतच गाडीमागे आली.

"आत्या, पट्टी घट्ट बांध."

मी पँट वर सरकवली. गुडघा सुजून टम्म झाला होता आणि पाय सरळच होईना. मी नुसतं बोट लावलं तर तिने ओठ चावला.

"दादा!" मी ओरडले. "बघ हे!"

दादा आला, वाकून बघितलं, घड्याळ बघितलं. "अरे देवा. आता कशाला हे? वर दवाखान्यात सगळे हार घेऊन उभे आहेत. पट्टी बांध आणि एक गोळी दे. तासाभराचा तर प्रश्न आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाज वाटत नाही तुला? लोकांच्या पोरांचे पाय सरळ करायला निघालास आणि स्वतःच्या पोरीचा मोडतोस! शी!"

"हळू बोल, बाबा ऐकतील."

"ऐकू देत!"

मी मुंगीला उचलूनच गाडीच्या मागच्या बाकावर बसवलं आणि तिचा वाकलेला पाय बाकावर घेऊन गुडघ्याखाली पिशव्या ठेवल्या. ती "आत्या नको, आत्या नको" म्हणत होती. मग मी बाबांकडे गेले.

"बाबा, मुंगीचा गुडघा गेलाय. ती येत नाही. तुम्ही एकटे जा."

"जातो की," बाबा म्हणाले. "उलट ओझं कमी झालं."

दादाने माझ्याकडे असं बघितलं की गिळेलच. बाबांनी हेल्मेट घातलं, टांग टाकली आणि निघाले. मागची सीट रिकामी. सपाटीवर दहा-पंधरा हात सायकल बरी गेली. चढ लागला तशी ती डगमगायला लागली. बाबा सीटवरून उठले, सगळं अंग पायडलवर टाकलं. पायडल खाली जाईना. शेजारून एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन चालत चालत त्यांच्या पुढे निघून गेली.

बाबांनी पाय टेकला.

बराच वेळ ते तसेच उभे राहिले, एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. दादा फोनवर फोटो काढत होता; त्यातही त्याला फोन खिशात ठेवायचं सुचलं नाही. मग बाबांनी सायकल कडेला आडवी टाकली आणि उतरणीवरून चालत गाडीपाशी आले. चेहरा पांढराफटक.

"किती वर्षं?" त्यांनी मला विचारलं.

"पहिल्यापासून," मी म्हणाले. "मला कळून दोन झाली."

त्यांनी मला एक शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. ते गाडीत चढले आणि मुंगीसमोर बसले.

"बोलली का नाहीस गं?"

मुंगी खिडकीबाहेर बघत राहिली. "आजोबा, तुम्ही प्रत्येक चढावर म्हणायचात, घाबरू नकोस, मी आहे पुढे. मग काय बोलणार?"

बाबांनी हात पुढे केला आणि तिच्या गुडघ्यावर ठेवायला गेले. हात टेकायच्या आधीच तिने पाय आखडून घेतला. तो हात तसाच अधांतरी राहिला, आणि कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.