बायकांची वाट

दार्तलो गावाच्या वरच्या धारेवर वाट दुभंगते. सरळ जाते ती देवस्थानाला लागून जाते, तिथून फक्त पुरुष जातात. आम्ही बायका डावीकडे घळीत उतरतो आणि वळसा घेऊन पलीकडे पुन्हा धारेवर येतो. आमच्या तुशेतीच्या डोंगरांतल्या कुठल्याही पोरीला हे कुणी शिकवावं लागत नाही. पाय आपोआप डावीकडे वळतात.

त्या दिवशी मी वाटाडी होते, माझ्यामागे पोलंडमधल्या निवृत्त शिक्षिकांचा गट होता. सगळ्यांत मागे बोझेनाबाई, गावातल्या इमेदाकाकाच्या घोड्यावर. त्यांचा गुडघा सकाळपासून सुजलेला होता. त्यांची मुलगी युस्तिना, गटातली एकटीच तरुण, माझ्याबरोबर पुढे चालत होती.

फाट्यावर थांबून मी नियम सांगितला. बोझेनाबाईंनी शाळेत शिकलेल्या रशियनमध्ये काकाला विचारलं, "का हो, तुमचा देव मला घाबरतो का?"

"देव नाही, मी घाबरतो," काका म्हणाला. "या वर्षी जत्रेसाठी देवाची बिअर गाळायचा मान माझ्याकडे आहे. बाईची सावली पडून ती आंबली, तर गाव मला सोडणार नाही."

बाया हसल्या. खालच्या दरीतून धुकं वर चढत होतं, म्हणून मी जास्त बोलत बसले नाही. सगळ्यांना घेऊन घळीत उतरले.

त्या घळीतून माणूस बसलेला घोडा जात नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी गृहीत धरलं की काका बोझेनाबाईंना मेंढपाळांच्या लांबच्या रस्त्याने, डोंगराला वळसा घालून आणेल. काकाने दुसरंच गृहीत धरलं. घळीतून घोडा जात नाही, म्हणजे बाई उतरून बाकीच्या बायांबरोबर चालत जातील. त्याने त्यांना अलगद खाली उतरवलं, आमची वाट दाखवली आणि घोडा घेऊन तो देवस्थानाकडून निघाला. आमच्यातली शेवटची बाई तेव्हा दिसत होती, असं तो नंतर सांगत होता. दिसत असेलही.

पलीकडे आम्ही पोचलो आणि थोड्या वेळाने धुक्यातून काका आला. खोगीर रिकामं होतं.

"बाई कुठंय?" मी विचारलं.

"कोण बाई?"

"काका, थट्टा नको. बोझेनाबाई."

त्याने माझ्या मागच्या घोळक्यावर नजर फिरवली. एकदा, मग पुन्हा. "तुझ्याबरोबर पाठवली की."

"माझ्याबरोबर? तुम्ही घोड्यावरून आणणार होतात ना?"

"देवाच्या दारावरून? वेड लागलंय का तुला, एलिसो?"

युस्तिनाला आमची भाषा येत नव्हती, पण रिकामं खोगीर तिला दिसत होतं. तिने माझी बाही घट्ट धरली. "आई कुठे आहे? माझी आई कुठे आहे?"

"मागे राहिल्यात. आणतो आत्ता," मी म्हणाले. माझाच आवाज मला खोटा वाटला.

काका बायकांच्या वाटेने उलटा धावला. बाई चुकल्या असतील तर घळीतच असणार, हे बरोबरच होतं. जायची परवानगी त्यांना तेवढीच होती. मी युस्तिनाला बाकीच्यांना सांभाळायला सांगितलं, घोड्याचा लगाम धरला आणि धारेवरून मागे निघाले, देवस्थानाच्या हद्दीवर रोवलेल्या दगडांपर्यंत. तिथे उभी राहून हाका मारल्या. धुकं इतकं दाट झालं होतं की घोड्याची मानही नीट दिसेना. स्वेटर ओला होऊन अंगाला चिकटला. या दिवसांत ऊन गेलं की इथे लगेच थंडी पडते, आणि बाईंचं जाड जॅकेट खोगिराला बांधलेलं होतं.

पुन्हा हाक मारली. उत्तर आलं, अगदी बारीक. घळीतून नाही. समोरून, दगडांच्या आतून.

मग कळलं. बाईंना आम्ही दिसेनाशा झालो असणार. घोड्याच्या घंटेचा आवाज तेवढा येत होता, त्या त्याच्या मागे गेल्या. दुसरं काय करणार होत्या?

"काका!" मी खाली घळीकडे तोंड करून ओरडले. "त्या वर आहेत! आत!"

"आत म्हणजे?"

"देवाच्या जागेत! तुम्ही वर या!"

"अर्ध्यात आहे मी, सगळं निसरडं झालंय. वेळ लागेल. तू तिथंच थांब."

आतून पुन्हा आवाज आला. या वेळी त्याबरोबर दगड घसरल्याचा आवाज होता, पाटीच्या दगडाचा, फुटक्या कौलांसारखा. तो मी ओळखते. ही अख्खी धार मी खडकांच्या अभ्यासासाठी पायाखाली घातली आहे, कुठला थर कुठे किती कललाय ते सांगू शकते. फक्त त्या दगडांपलीकडचा तुकडा माझ्या नकाशावर कोरा आहे.

"काका, त्या घसरताहेत. मी आत जाते. कुठून जाऊ सांगा."

मी लगाम एका दगडाला अडकवला.

"काका!"

"पोरी, मला हे सांगायला लावू नकोस."

"मग मी न विचारता जाते. पडले तर दोघी पडू."

मला वाटलं, तो बोलणारच नाही. लहानपणी मी एकदा चेंडूमागे याच दगडांपर्यंत धावले होते, तेव्हा याच माणसाने मला दंडाला धरून मागे ओढलं होतं आणि मग दिवसभर तोच रडवेला झाला होता.

"शिंगांचा ढीग दिसेल," त्याचा आवाज आला, फाटलेला. "तो उजव्या हाताला ठेव. शिवू नकोस."

मी आत पाऊल टाकलं. फक्त खोगिराचा दोर खांद्यावर घेतला. धुक्यातून मेंढ्यांची आणि रानबोकडांची शिंगं वर आली, वर्षानुवर्षांची. ती उजवीकडे ठेवून गेले.

"दिसली शिंगं. पुढे?"

"बिअर गाळायची झोपडी. तिच्या भिंतीला धरून जा. मागे मोकळी जागा आहे तिथं उभी राहू नकोस. खालून पोकळ आहे."

भिंत संपली तिथे मी पोटावर झोपले. थर दरीकडे उतरते होते आणि वरच्या पाट्या सुट्या होत्या. सरपटत कडेपर्यंत गेले. बोझेनाबाई हातभर खाली, एका अरुंद कंगोऱ्यावर अडकल्या होत्या. एक पाय वाकडा पडला होता. मी त्यांचं मनगट धरलं. ते बर्फासारखं गार होतं.

"मी इथंच आहे. काका येतोय."

"तो घाबरट?" त्या म्हणाल्या. दात वाजत होते. "त्याची बिअर आंबली बघ."

दोर त्यांच्या काखेतून कसाबसा ओवला, पण ओढायला माझ्यात बळ नव्हतं. ओढायला गेले की माझ्याच पोटाखालच्या पाट्या सरकत. मग मी नुसती धरून राहिले.

"बोलत राहा," मी म्हणाले. "काय शिकवायचात?"

"रसायनशास्त्र. युस्तिनाला सांग..."

"तुम्हीच सांगा."

"हात सोड. तुलाही घेऊन जाईन मी."

"सोडणार नाही."

त्यांची बोटं आधी माझ्या मनगटाला आवळलेली होती. ती हळूहळू सैल होऊ लागली. मी काकाला हाका मारल्या, मग नुसतीच किंचाळले. मी देव मानते की नाही हे मला आजही सांगता येणार नाही, पण पाठीमागच्या त्या शिंगांना मी काय काय म्हणाले ते कुणाला सांगणार नाही. त्यात शिव्याही होत्या.

आधी घंटा ऐकू आली. काका घोड्याला आत घेऊन आला होता. त्याचे दोन्ही गुडघे फुटलेले होते. माझ्याकडे न बघता त्याने दोराचं टोक खोगिराला बांधलं आणि घोड्याला एकेक पाऊल पुढे न्यायला लागला, कानाशी काहीतरी पुटपुटत. दोर ताणला. मी बाईंचं डोकं दगडावर आपटू नये म्हणून हात मध्ये घातला. त्या वर आल्या. जिवंत होत्या, पण डोळे उघडत नव्हत्या.

आम्ही त्यांना जॅकेटमध्ये गुंडाळून घोड्यावर आडवं घातलं. जाण्यासारखी वाट एकच होती, शिंगांच्या समोरून. काकाने टोपी काढली आणि लगाम धरून चालू लागला. मी बाईंची पाठ धरून बाजूने.

हद्दीच्या दगडांपाशी युस्तिना उभी होती, बाकीच्या बाया तिच्या मागे. थांब म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. तिने आईचा लोंबता हात गालाला लावला आणि हाका मारत सुटली. आई, आई, तेवढंच.

"ओरडू नकोस," बोझेनाबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच. "पाय दुखतोय."

युस्तिना तिथेच खाली बसली.

काकाने लगाम माझ्या हातात दिला. "खाली घेऊन जा. ड्रायव्हर लेवानला म्हणावं, जीप ओढ्यापर्यंत आण. डॉक्टरला निरोप दे."

"आणि तुम्ही?"

"मला देवापाशी थांबायला हवं."

"काका, चूक आपल्या दोघांची होती."

"ती चूक नाही गं," तो म्हणाला. "देवाच्या आतली वाट तुला मी दाखवली."

टोपी हातात धरून तो धुक्यात परत आत गेला. मी घोडा वळवला. बाईंचा श्वास चालू आहे ना, हे बघत, त्यांच्या तोंडाशी हात धरून, मी उतार उतरू लागले.