विषय: निळी खुर्ची

सोफे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात पसारा असायचाच. जुना फोम, उसवलेली कापडं, वाकलेल्या स्प्रिंगा, पाय काढून भिंतीला टेकवलेल्या आरामखुर्च्या. या पसाऱ्यात सोफेवाल्याला डोळे मिटून सुई सापडायची आणि त्याला त्याचा गर्वही होता. इनबॉक्समध्ये मात्र त्याची पार दाणादाण उडायची. कापडाच्या गिरण्यांचे नमुने, दर आठवड्याला नव्याने येणारी 'शेवटची सवलत', गिऱ्हाइकांनी वाकडेतिकडे काढलेले सोफ्यांचे फोटो, कुणाचे चुकून दोनदा तर कुणाचे मुद्दाम तीनदा. एक मेल शोधायला बसावं तर नको त्या चार सापडत आणि हवी ती मिळेपर्यंत चहा गार झालेला असे.

एरवी त्याने हेही चालवून घेतलं असतं. वर्षानुवर्षं चालवून घेतलंच होतं. पण आता तो एका मेलची वाट बघत होता आणि ती या गर्दीत हरवून चालणार नव्हतं.

ती मेल यायची होती ताईकडून. भावोजी गेल्यापासून ताई एकटी राहत होती, बसने अर्धा दिवस लांबच्या गावात. तिला ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. कानातल्या यंत्रातून म्हणे भांड्यांचा आवाज येई, माणसांचा नाही. फोन करणं म्हणजे दोघांच्याही घशाला शिक्षा. म्हणून बहीण-भावाचं सगळं बोलणं मेलवर चालायचं.

लहानपणी आई दिवसभर कामावर असायची. त्याला भरवलं ते ताईने, शाळेत सोडलं ते ताईने, आणि मार खाण्याजोगं काही केलं की आईपुढे उभी राहायची तीही ताईच. आता त्याचे केस पिकले तरी तिच्या लेखी तो छोट्याच होता. तर या छोट्याने दुकानावरची खोली रिकामी केली, भिंतींना रंग दिला, आणि एक अख्खा रविवार घालवून तीन ओळी लिहिल्या: "ताई, वरची खोली तयार आहे. तुझ्यासाठीच केली आहे. ये, कायमची ये." विषय दिला: वरची खोली.

बायकोने मागून डोकावून वाचलं. "एवढंच? मीही वाट बघतेय असं लिहा की."

"पाठवून झाली," तो म्हणाला.

"धन्य आहे. रविवार घालवला आणि माझ्यासाठी एक ओळ नाही."

दुसऱ्याच दिवशी कापडाचे नमुने घेऊन येणारा विक्रेता दुकानात टेकला. सोफेवाला मेलांच्या ढिगात चाचपडत होता ते बघून त्याने एक ॲड-ऑन सुचवलं. "इनबॉक्सला नुसतं जोडायचं. कुठली मेल कुठल्या खोक्यात टाकायची ते एकदा सांगा, पुढे ते आपलं आपण वाटत बसतं. शोधायचं असेल तर शब्द टाका, चुटकीसरशी समोर."

सोफेवाल्याने ते जोडलं. मग नियम ठरवायला बसला आणि इथेच त्याने आपली अक्कल चालवली. त्याच्या दुकानात एक रीत होती. सोफा दुकानाच्या दारातून बाहेर पडला की त्या कामाची चिठ्ठी मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला टोचायची. ज्या उस्तादाकडे तो काम शिकला त्याचं म्हणणं असं की खिळ्यावर गेलं ते गेलं, पुन्हा उकरायचं नाही, नाहीतर कारागीर जन्मभर जुन्याच शिवणी आठवत बसतो. ही रीत त्याने जशीच्या तशी ॲड-ऑनला शिकवली. जी कामं पोचती झाली त्यांच्या विषयावर येणारी प्रत्येक मेल 'हातावेगळे' नावाच्या खोक्यात. तिची घंटा वाजायची नाही, आणि शोधतानाही ती मध्ये येऊन लुडबुड करायची नाही. 'वरची खोली' या विषयावर मेल आली तर मात्र ती सगळ्यांच्या वर, लाल अक्षरांत, आणि घंटा वाजवून.

"घंटा कशाला? शाळा भरवायचीय?" बायको म्हणाली.

इनबॉक्स बघता बघता लख्ख झाला. सोफेवाला येणाऱ्याजाणाऱ्याला स्क्रीन दाखवू लागला, जणू ती त्यानेच शिवली होती. गिरण्या एका खोक्यात, सवलती दुसऱ्यात, नवी गिऱ्हाइकं समोर रांगेत. सगळं कसं झकास. फक्त घंटा वाजेना.

आठवडा गेला. त्याने ॲड-ऑनमध्ये 'वरची खोली' शोधलं. त्याला त्याची स्वतःचीच मेल सापडली. 'ताई' शोधलं, काही नाही. ताई पत्ता अजून भावोजींच्याच नावाचा वापरायची, म्हणून भावोजींचं नाव टाकून बघितलं. तेही कोरं.

"पुन्हा लिहा ना एकदा," बायको म्हणाली.

"नाही. विचारून झालंय. ताईला आग्रह केला की ती हो म्हणते, मनात नसलं तरी म्हणते. मला तसलं हो नको."

बोलला खरं, पण तो मनातून चांगलाच खट्टू झाला होता. नाही म्हणायचं तर नाही म्हण, पण एक ओळ तरी लिही! ज्या भावाला कडेवर घेऊन फिरवलं त्याला एक ओळ लिहायला हात दुखतात? आणखी एक आठवडा गेल्यावर तो फोमचा एक गठ्ठा उचलून वरच्या खोलीत ठेवून आला. संध्याकाळी बघतो तर गठ्ठा पुन्हा खाली, दुकानातच. बायको त्याविषयी चकार शब्द बोलली नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

मग एके दिवशी दातांची डॉक्टरीणबाई तरातरा दुकानात आली. तिच्या दवाखान्यातला पेशंटांचा बाक त्याने मागच्या वर्षी नव्याने करून दिला होता.

"काय हो, उत्तर द्यायचं नाही असं ठरवलंय का? बाकाची शिवण उसवलीय म्हणून दोनदा मेल केली. पेशंट आधीच घाबरलेले असतात, ते बसून बसून भोक मोठं करतायत."

"मेल आलीच नाही," सोफेवाला छातीठोकपणे म्हणाला. "माझ्याकडे आता सगळं व्यवस्थित आहे. हे बघा."

आणि बाईला दाखवायला म्हणून त्याने एकेक खोकं उघडलं. शेवटी 'हातावेगळे' उघडलं. बाईच्या दोन्ही मेल तिथे गुपचूप बसल्या होत्या, जुन्या बाकाच्याच विषयावर उत्तर म्हणून आलेल्या. आणि त्यांच्या वर, खाली, मध्ये भावोजींचं नाव. प्रत्येक मेलचा विषय: निळी खुर्ची.

सोफेवाल्याने कपाळावर हात मारला.

फार वर्षांपूर्वी ताईने आपली निळी खुर्ची त्याच्याकडे दुरुस्तीला पाठवली होती आणि पोचल्याची मेल त्याने केली होती. त्या मेलला उत्तर कसं द्यायचं ते भावोजींनी ताईला शिकवलं. त्या एका मेलखेरीज दुसऱ्या कुठल्या मेलला उत्तर देणं किंवा नवी मेल काढणं ती कधी शिकलीच नाही. "हे चाललंय ना, मग उगाच नवीन कशाला?" म्हणायची. तेव्हापासून गुडघेदुखी असो, पाणीकपात असो, भावोजींचं आजारपण असो, सगळं निळ्या खुर्चीवरच येत होतं. इतकी वर्षं की त्याला तो विषय दिसेनासाच झाला होता. आणि खुर्ची तर केव्हाच पोचती झाली होती. पोचती झाली ती खिळ्यावर.

"बाकाचं उद्या—" बाईने सुरुवात केली.

"परवा," तो म्हणाला. "उद्या मी नाही."

बाई गेल्यावर त्याने त्या मेल क्रमाने वाचल्या. पहिलीत नुसते प्रश्न होते. जिना चढायला उंच आहे का? शिलाई मशीन आणलं तर चालेल का? दुसरीत: "छोट्या, तू तुझं लिहिलंस. बायकोला विचारलंस का? तिच्याविषयी तुझ्या मेलमध्ये काहीच नव्हतं." तिसरीत आपली तब्येत बरी आहे, काळजी नको, एवढंच. शेवटची दोन दिवसांपूर्वीची होती. "तुझं उत्तर नाही, त्यावरून काय ते समजले. रागावले नाही. माणूस भरात बोलून जातो. इथे जवळच म्हाताऱ्यांसाठी एक निवास आहे, स्वच्छ आहे. पुढच्या आठवड्यात तिथे जाते आहे."

त्याने स्क्रीन बायकोपुढे धरली. तिने वाचलं, आणि दुसऱ्या मेलपाशी तिचा चेहरा पडला.

"तरी मी म्हणत होते," एवढंच ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आधी मेल करा त्यांना."

"मेलचं नावसुद्धा काढू नकोस. सकाळच्या पहिल्या बसने जातो."

"जा. आणि सांगा, मला काही गोड बोलता येत नाही, पण त्या खोलीचे पडदे मी शिवलेत."

ताईच्या दारावरची घंटा दाबली की आत एक दिवा लुकलुकायचा. भावोजींनीच तो बसवून ठेवला होता. सोफेवाल्याने बटण दाबून धरलं. दार उघडलं. ताई त्याच्याकडे बघत राहिली, आणि तो ताईच्या मागे दोरीने बांधून ठेवलेल्या खोक्यांकडे.

"कोणी गेलं का?" ताईने घाबरून विचारलं.

त्याने नाही नाही म्हणत जोरजोराने मान हलवली. बोलून उपयोग नव्हता. त्याने फोन काढला, 'हातावेगळे' उघडून तिच्या हातात दिला, आणि खुणा करत, मध्ये मध्ये कागदावर लिहीत सगळं समजावलं: ॲड-ऑन, नियम, खिळा, खुर्ची. ताई चष्मा वरखाली करत वाचत होती. मग एकदम तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

"म्हणजे मला खिळ्याला टांगून ठेवलं होतंस होय रे?"

त्याने कान पकडले. मग कागदावर लिहिलं: "पडदे हिने शिवलेत. ये."

ताई हसायची थांबली. कागद हातात धरून खुर्चीत बसली.

"छोट्या, खरं सांगू? तुझं उत्तर आलं नाही तेव्हा फार वाईट वाटलं. पण थोडं सुटल्यासारखंही वाटलं. जिन्याचं, मशीनचं मी आपलं विचारलं. जे विचारायचं होतं ते लिहवेना."

त्याने स्टूल ओढून तिच्यासमोर ठेवलं.

"इथे माझ्याशी कोणी बोलत नाही. पण तू लिहितोस. दुकानात कोण आलं, कोण भांडलं, बायकोने काय टोमणा मारला, सगळं लिहितोस. मी दोन दोनदा वाचते. मी तिकडे आले की ते बंद होणार. समोर बसलेल्या माणसाला कोण मेल लिहितं? जेवताना तुम्ही दोघं हसाल. मग मीही हसेन, न कळता. यांचं शेवटी तसंच झालं. एका घरात होतो. आधी ओरडून बोलायचे, मग थोडं बोलायचे, मग नुसतं बघून हसायचे. त्यांचा दोष नव्हता रे. थकले. पण मला आता पुन्हा तसं राहायचं नाही. निवासात कोणी माझं नाही, तिथे वाईटही वाटणार नाही. आणि तू लिहीतच राहशील."

रंग, पडदे, खिडकीची काच, सगळ्याचा विचार सोफेवाल्याने केला होता. हा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता. आणि ताई म्हणत होती ते अगदी खरं होतं, तसंच झालं असतं. त्याला रडू आवरेना.

मग त्याने डोळे पुसले, फोन हातात घेतला आणि तिच्यासमोरच्या स्टुलावर बसून लिहायला लागला. ताई म्हणाली, "काय करतोस?" त्याने हाताने थांब म्हटलं. बराच वेळ तो लिहीत होता. डॉक्टरीणबाई कशी तरातरा आली ते लिहिलं. बसमध्ये शेजारचा माणूस त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला आणि उतरताना त्यालाच 'सरकून बसत चला' म्हणाला ते लिहिलं. फोमचा गठ्ठा वर कसा गेला आणि खाली कसा आला, तेही लिहिलं. पाठवलं, आणि आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

ताई उठून आत गेली. थोड्या वेळाने तिचं हसणं ऐकू आलं, बहुतेक बसमधल्या माणसापाशी. मग एका बोटाने टाइप केल्याचा आवाज, थांबून थांबून. सोफेवाला स्टुलावर बसून राहिला.

घंटा काही वाजली नाही. त्याने स्वतःच खोकं उघडून बघितलं, मेल आली होती.

"सामान फार नाही, छोटी गाडी पुरेल. पण जेवताना हसलात तर का हसलात ते तिथल्या तिथे लिहायचं, नंतरवर टाकायचं नाही. मी वाचेपर्यंत कोणी पुढचा घास घ्यायचा नाही. कबूल असेल तर कळव."

त्याने लिहिलं: "कबूल." आणि पाठवलं.

"आलं!" आतून ताई इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या घरातली खिडकी उघडली.